आदिवासी संगीताचा पुरस्कार: गाणे कोणाचे, हे आधी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन जवळ आला की मराठी वृत्तपत्रांत एक छायाचित्र हमखास येते. तारपा तोंडाला लावलेला वादक, त्याच्याभोवती कमरेला हात घालून फेर धरलेली माणसे आणि खाली ओळ: ‘आदिवासी बांधवांनी पारंपरिक नृत्य सादर केले.’ वादकाचे नाव नसते, गाव नसते, वाजवलेली चाल कोणती तेही नसते. शास्त्रीय मैफलीच्या बातमीत मात्र तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण, तानपुऱ्याची साथ कोणी केली, हे सगळे न चुकता येते. आदिवासी संगीतकाराला आपण कलाकार मानतो की मिरवणुकीचा एक भाग, हे त्या एका ओळीत दिसते.

त्याच ऑगस्ट महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विन शहरात, तिथल्या मूलनिवासी संगीतकारांचा वार्षिक पुरस्कार सोहळा होतो. नॅशनल इंडिजिनस म्युझिक अवॉर्ड्स हे त्याचे नाव. ‘म्युझिक एनटी’ ही संस्था तो भरवते. २००४ मध्ये नॉर्दर्न टेरिटरी या एकाच प्रदेशापुरता तो सुरू झाला आणि पुढे देशव्यापी झाला. वनस्पती उद्यानातल्या खुल्या रंगमंचावर, समोर हिरवळीवर बसलेल्या लोकांसमोर, डार्विनची भूमी ज्यांची आहे त्या लाराकिया लोकांच्या स्वागताने त्याची सुरुवात होते. वर्षातला कलाकार, नवोदित, अल्बम, गाणे, चित्रफीत, मूलनिवासी भाषेतले गाणे आणि आयुष्यभराच्या कामाचा गौरव, असे पुरस्कार तिथे दिले जातात. मराठी वाचकांपर्यंत याची बातमी सहसा पोहोचत नाही, आणि पोहोचली तरी चेहरा रंगवलेल्या नर्तकाच्या छायाचित्राशी थांबते. म्हणून या सोहळ्यामागची व्यवस्था कशी असते, ती कुठे अडखळते आणि महाराष्ट्राने तिच्यातून काय उचलावे, हे सविस्तर लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, पण विषय दोन परिच्छेदांत उरकण्याजोगा नाही.

सर्वप्रथम एक गैरसमज. ‘ऑस्ट्रेलियन आदिवासी संगीत’ असा एकच प्रकार अस्तित्वात नाही. युरोपीय वसाहत झाली तेव्हा त्या खंडात अडीचशेहून अधिक भाषा होत्या आणि प्रत्येक भाषेची गाण्याची रीत निराळी होती. आपल्याकडे ज्याला सरसकट ‘ऑस्ट्रेलियाचे वाद्य’ म्हणतात ते डिजेरिडू मूळचे उत्तरेकडच्या पट्ट्यातले. उत्तर किनाऱ्यावरच्या आर्नहेम लँड या प्रदेशातले योलंगू लोक त्याला यिडाकी म्हणतात. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात ते परंपरेने नव्हतेच. तिथे बूमरँगच्या जोड्या एकमेकींवर आपटून ताल धरतात. टॉरस सामुद्रधुनीतले बेटवासी हा तर वेगळाच समाज, आणि त्यांचा ‘वारुप’ हा डमरूच्या आकाराचा मोठा ढोल वेगळा. त्यावर दीडशे वर्षांत मिशनऱ्यांची प्रार्थनागीते आली, रेडिओवरून कंट्री संगीत आले, मग रेगे आले. आज वाळवंटातल्या वस्तीतला तरुण बँड स्वतःच्या भाषेत रेगे वाजवतो, आणि तेही तितकेच तिथले संगीत असते. योलंगू भाषेत रॅप करणारा बेकर बॉय २०१९ मध्ये ‘यंग ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ ठरला.

म्हणूनच डार्विनच्या पुरस्कारांची वाटणी कामानुसार आहे. ‘पारंपरिक’ असा एक कप्पा करून सगळ्यांना त्यात कोंबलेले नाही. हा निर्णय दिसतो साधा, पण बाकी सगळे त्यावर उभे राहते. अमेरिकेच्या ग्रॅमी पुरस्कारांत २००१ पासून मूलनिवासी संगीताच्या अल्बमसाठी एकच विभाग होता. २०११ मध्ये विभागांची संख्या १०९ वरून ७८ वर आणली तेव्हा तो गेला. कॅनडाच्या जूनो पुरस्कारांत १९९४ पासून असाच एक विभाग होता. ढोलाभोवतीचे समूहगान आणि इलेक्ट्रॉनिक संगीत एकाच रांगेत तोलले जात होते. शेवटी २०२२ पासून त्याचे पारंपरिक आणि समकालीन असे दोन भाग केले. आपल्या राज्य सांस्कृतिक पुरस्कारांत ‘आदिवासी गिरीजन’ असा एकच विभाग आहे. वारली तारपा, पावरा ढोल, कोरकूंची बासरी, गोंडी रेला, परधानांची किंगरी, शिवाय नृत्य आणि इतर कला, सगळे त्यात. ज्या राज्यात २०११ च्या जनगणनेनुसार १ कोटी ५ लाख अनुसूचित जमातींची माणसे राहतात, तिथे वर्षाला एक नाव आणि तेही कलाप्रकार न पाहता, हे प्रमाण आम्हाला पटत नाही.

दुसरा प्रश्न पात्रतेचा. ऑस्ट्रेलियात मूलनिवासी कोण, हे ठरवताना सरकारी कामात तीन गोष्टी एकत्र पाहतात: वंश, स्वतःची ओळख, आणि ज्या समाजात तो माणूस राहतो त्या समाजाची मान्यता. तिसरी अट मोलाची आहे. कागद वंश सांगू शकतो. आपल्याकडे पुरस्कारासाठी जात प्रमाणपत्र आणि वैधता प्रमाणपत्र मागून मोकळे होतात. ते जरूर मागावे, पण माणूस खरोखर त्या परंपरेत वाढला आहे का, गावातल्या लग्नाला, बारशाला, देवकार्याला त्याला वाजवायला बोलावतात का, हे त्यावरून कळत नाही. ते सांगू शकते ती ग्रामसभा. अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याच्या कलम ४(ड) ने आपल्या रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास ग्रामसभा सक्षम असल्याचे मान्य केले आहे. म्हणजे कायद्याची चौकट तयार आहे. पुरस्काराच्या अर्जाला ग्रामसभेचे एक पानी पत्र जोडायला सांगितले, तर आजची निम्मी भांडणे मिटतील.

आता मूळ मुद्द्याकडे येतो: गाणे कोणाचे?

आर्नहेम लँडमध्ये योलंगू समाज धुवा आणि यिरिचा अशा दोन अर्ध्या भागांत वाटलेला आहे. जमीन, पाणी, प्राणी, वारे, गाणी, सगळे या नाही तर त्या भागाचे. लग्न समोरच्या भागातच करायचे. आपल्याकडच्या गोंडांमध्ये चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे अशी कुळांची विभागणी असते आणि सारख्या देवांच्या कुळात सोयरीक होत नाही, हे ज्यांना माहीत आहे त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. योलंगूंच्या गाण्यांच्या मालिकांना ‘मानिकाय’ म्हणतात. एकेक मालिका एकेका कुळाची, त्या कुळाच्या भूमीची. ती कोणी गावी, कुठे गावी, कुणाच्या मृत्यूनंतर गावी, याचे नियम आहेत. आणि केवळ मालकाच्या होकाराने भागत नाही. ज्यांच्या आईचे ते कुळ आहे, ती समोरच्या भागातली माणसे त्या गाण्याची राखणदार असतात. त्यांनाही विचारावे लागते. म्हणजे एका गाण्यामागे दोन होकार.

हे नियम शहरातल्या कायद्यात बसत नाहीत. कॉपीराइट एका कर्त्याला ओळखतो आणि त्याच्या मृत्यूनंतर ठरावीक वर्षांनी संपतो. गाणे मात्र कुळाचे, आणि ते संपत नाही. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टासमोर हा प्रश्न एका चित्राच्या निमित्ताने आला. गानलबिंगू समाजाचे चित्रकार जॉन बुलुन बुलुन यांचे चित्र परवानगीशिवाय कापडावर छापले गेले होते. कुळाला कॉपीराइटचे सहमालक मानायला कोर्टाने नकार दिला, पण विश्वस्ताप्रमाणे कुळाचे हित सांभाळणे हे कलाकाराचे कर्तव्य आहे, हे मान्य केले. अर्धीच वाट मोकळी झाली, तरी तिचा उपयोग झाला. त्यानंतर तिथे कला क्षेत्रासाठी सांस्कृतिक मालकीच्या आचारसंहिता लिहिल्या गेल्या, आणि निधी मागणाऱ्यांकडून त्या पाळल्या जाव्यात अशी अपेक्षा ठेवली जाऊ लागली.

हे आधी विचारले नाही तर काय होते, त्याचे उदाहरण कॅनडातले आहे. २०१९ मध्ये तिथल्या मूलनिवासी संगीत पुरस्कारांत क्री समाजातल्या एका गायिकेच्या अल्बमला नामांकन मिळाले. त्यात इनुइट या उत्तर ध्रुवाकडच्या मूलनिवासी समाजातल्या स्त्रियांच्या कंठगायनाचे तंत्र वापरलेले होते. इनुइट गायिकांचे म्हणणे असे की, मिशनऱ्यांनी बंद पाडलेली ही कला आमच्या आज्यांनी जपली आणि आम्ही ती पुन्हा उभी केली. ती दुसऱ्या समाजाने उचलावी हे आम्हाला मान्य नाही. अनेकांनी पुरस्कारांकडे पाठ फिरवली. लक्षात घ्या, दोन्ही बाजूंना मूलनिवासीच होते. ‘सगळे आदिवासी एकच’ असे समजून नियम केले की असे होते. आयोजकांकडे असा आक्षेप ऐकून घेण्याची ठरलेली पद्धत नसेल, तर नामांकन जाहीर झाल्यावर कोणताही निर्णय कोणाला तरी दुखावतोच.

महाराष्ट्रात ही चोरी राजरोस चालते आणि तिला चोरी म्हणायचे कोणाला सुचतही नाही. पाड्यावर मोबाइलवर ध्वनिमुद्रण केलेली चाल शहरात येते, तिच्याखाली डीजेचा ठेका घालतात आणि नावाच्या जागी ‘पारंपरिक’ लिहितात. मग संगीत संयोजनाचा हक्क ज्याने ठेका घातला त्याच्याकडे जातो, आणि जिच्या गळ्यातून चाल आली तिला पाचशे रुपये आणि एक साडी. खरे तर ‘पारंपरिक’ या शब्दाने गाणाऱ्याचा हक्क बुडत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे सादरकर्त्याला स्वतःच्या सादरीकरणावर ५० वर्षे हक्क आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या ३८-अ कलमाने व्यावसायिक वापरातून रॉयल्टी मिळण्याचा अधिकारही दिला आहे. चाल कोणाचीही असो, आवाज तिचा आहे. पण हे तिला कोणी सांगत नाही आणि सही मात्र कोऱ्या कागदावर घेतात.

पुरस्काराचा अर्ज हे नीट करण्याची उत्तम जागा आहे, कारण तिथे देणारा विचारू शकतो आणि घेणाऱ्याला सांगावे लागते. आमच्या मते अर्जात या गोष्टी हव्यात. गाणे कोणत्या प्रसंगाचे: लग्नाचे, पेरणीचे, मयताचे, की करमणुकीचे. कोणाकडून शिकले. ते कोणी आणि कधी गाऊ नये असा दंडक आहे का. ध्वनिमुद्रण कोणी केले, सध्या कोणाच्या ताब्यात आहे. गाणारे, वाजवणारे, कोरस धरणारे, प्रत्येकाचे नाव आणि प्रत्येकाचा वाटा. आणि शेवटी समाजातल्या दोन जाणत्या माणसांची संमती, त्यातली एक शक्यतो स्त्री. कारण पुष्कळ गाणी बायकांची असतात आणि सह्या मात्र पुरुषांच्या असतात. वारल्यांच्या लग्नातली गाणी धवलेरी, म्हणजे लग्नविधी चालवणारी स्त्री, म्हणते. चौकापुढचे, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरच्या विधिचित्रापुढचे, ते गाणे स्पर्धेच्या मंचावर आणायचे की नाही, हे पथकप्रमुखाने ठरवायचे नाही, धवलेरीने ठरवायचे. परधानांच्या किंगरीवरच्या वंशगाथा ज्या गोंड कुळांच्या आहेत, त्या कुळांना विचारायला हवे. ही माहिती लिहून घ्यायला एका प्रवेशिकेमागे पाऊण तास लागतो. तो वेळ धरूनच वेळापत्रक आखावे.

मृत्यूचा नियमही इथेच सांगतो. आर्नहेम लँडसह ऑस्ट्रेलियाच्या अनेक भागांत माणूस गेल्यावर काही काळ त्याचे नाव उच्चारत नाहीत, छायाचित्र दाखवत नाहीत, आवाज ऐकवत नाहीत. एल्को बेटावरचे अंध गायक गुरुमुल युनुपिंगू २५ जुलै २०१७ रोजी ४६ व्या वर्षी गेले. सुरुवातीला वृत्तपत्रांनी त्यांचे पूर्ण नाव छापले नाही. पुढे कुटुंबाने नाव आणि छायाचित्र वापरायला खास परवानगी दिली. मृत्यूच्या काही आठवडे आधी पूर्ण झालेला ‘जारिमिरी’ हा त्यांचा अल्बम एप्रिल २०१८ मध्ये आला. त्यात मानिकाय आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आहेत. ऑस्ट्रेलियाच्या अल्बम-यादीत तो पहिल्या क्रमांकावर गेला, आणि संपूर्णपणे मूलनिवासी भाषेतला अल्बम तिथे पोहोचण्याची ती पहिलीच वेळ होती. कुटुंबाने नाही म्हटले असते तर दुकानात, रेडिओवर, पुरस्काराच्या मंचावर त्यांचा आवाज ऐकू आला नसता, आणि ते मान्य करावे लागले असते. आयोजकांसाठी याचा व्यवहारी अर्थ असा: स्मृतिपुस्तिका आणि चित्रफिती शेवटच्या आठवड्यापर्यंत बदलता येतील अशा ठेवायच्या, दाखवण्याआधी घरच्यांना विचारायचे, आणि वस्तीत मयत झाल्यामुळे एखादा बँड ऐनवेळी आलाच नाही तर त्याच्यावर ठपका न ठेवता दुसरा तयार ठेवायचा.

ध्वनीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण इथे चांगले वादकही वाया जातात.

यिडाकी म्हणजे वाळवीने आतून पोखरलेले निलगिरीच्या जातीचे खोड. त्याचा मूळ सूर साधारण ६० ते ८० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे फार खाली. ध्वनिमिश्रकावर बहुतेक प्रत्येक माइकच्या रांगेत खालचा आवाज कापणारे बटण असते, ते ८० किंवा १०० हर्ट्झखालचे सगळे काढून टाकते. गायकासाठी ते दाबून ठेवायची सवय असते. यिडाकीच्या रांगेत ते तसेच राहिले की वाद्याचा पायाच जातो आणि वर फक्त फुरफुर उरते. खुल्या मैदानात भिंती नसल्याने खालचे सूर आणखी विरतात, म्हणून मोठे सबवूफर लागतात. माइक वाद्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित तिरपा. अगदी समोर धरला तर फुंकर आपटते. आणि बिल्मा, म्हणजे कठीण लाकडाच्या टिपऱ्या, वाजवणारा गायकच असतो. त्या टिपऱ्यांवरच सगळे चालते, म्हणून यिडाकीवाल्याच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे त्याला ऐकू यावे म्हणून मंचावर ठेवलेल्या स्पीकरमध्ये, आधी बिल्मा द्यायची, गळा नंतर.

तारप्याचेही दुखणे जवळपास असेच. भोपळ्याची तुंबी, त्यात मेणाने बसवलेल्या जिभांच्या दोन बांबूनळ्या, पुढे ताडाच्या पानाचा कर्णा. यिडाकीप्रमाणेच तारप्यातही श्वास तोडत नाहीत. गालात हवा साठवून नाकाने श्वास घेतात आणि सूर अखंड ठेवतात. पण तारपावाला एका जागी उभा राहत नाही. तो चालतो, वळतो, आणि फेर त्याच्याभोवती फिरतो. समोर एक माइक रोवून ठेवला तर अर्धा वेळ कर्णा दुसरीकडे. मग तंत्रज्ञ त्याला हलू नको म्हणतो, आणि हलला नाही की नाच मरतो. कर्ण्याच्या कडेला हलका बिनतारी माइक कापडी पट्टीने बांधला की हा प्रश्न सुटतो. पट्टी मेणावर येऊ द्यायची नाही, कारण मेण हलले की सूर बिघडतो आणि तो पुन्हा लावायला वादकाला वेळ लागतो. मंचावरच्या तापलेल्या दिव्यांनीही मेण मऊ पडते. त्यामुळे ध्वनिचाचणी दिवे लावूनच करावी, आणि चाचणीला किमान २० मिनिटे द्यावीत. शाळेच्या संमेलनासारखी पाच मिनिटे पुरत नाहीत.

प्रवेशिका मागवतानाही हीच चूक होते. ‘मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा’ असे सांगतात. बोलण्यासाठी बनवलेले फोन सतत चालणाऱ्या सुराला गोंगाट समजून दाबतात. तारप्याचा, यिडाकीचा, तारप्यासारख्याच पावरी या फुंकवाद्याचा सूर सततच असतो. मग परीक्षकांपर्यंत पोहोचते ते वाद्य नव्हे, त्याची सावली. याला उपाय एकच: अर्जदाराने शहरात यायचे नाही, ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी आठवडी बाजाराच्या गावी जायचे. दोन माइक, एक छोटे ध्वनिमुद्रक यंत्र, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ दर्जाचे ध्वनिमुद्रण, प्रत्येकाला दहा मिनिटे आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत जागेवरच वादकाच्या हाती. म्युझिक एनटी ॲलिस स्प्रिंग्ज भागातल्या वाळवंटी बँडसाठी ‘बुश बँड्स बिझनेस’ नावाची बहुदिवसीय कार्यशाळा घेते. मंचावर कसे उभे राहावे इथपासून पैशाच्या हक्कांपर्यंत तिथे शिकवतात. आधी शिकवणे, मग स्पर्धा, हा क्रम बरोबर आहे.

तारखेचाही विचार व्हावा. डार्विनमध्ये ऑगस्ट हा कोरडा मोसम. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत तिथे पाऊस असतो आणि दूरच्या वस्त्यांचे रस्ते तुटतात. एल्को बेट डार्विनपासून पाचशे किलोमीटरहून अधिक, तिथून छोट्या विमानाने यावे लागते. ॲलिस स्प्रिंग्ज दीड हजार किलोमीटर. त्यातच ऑगस्टमध्ये शहरात मूलनिवासी चित्रकलेचे राष्ट्रीय पुरस्कार आणि कलाजत्रा असते, त्यामुळे माणसे आधीच आलेली असतात आणि एका प्रवासात दोन-तीन कामे होतात. आपल्याकडे ऑगस्ट नेमका उलटा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. शेतात आवणीची कामे असतात. आणि वारली समाजात तारपा भाताच्या हंगामाशी जोडलेला आहे. भर पावसात, पीक शेतात उभे असताना, तो शहराच्या मंचावर वाजवायला लावणे हा त्या वाद्याचा मान नव्हे. ९ ऑगस्टचे महत्त्व आहेच, तो दिवस साजरा व्हावा. पुरस्कार मात्र भात खळ्यावर आल्यानंतर, नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी या काळात द्यावेत, आणि मुंबईऐवजी जव्हार, धडगाव, धारणी, भामरागड असे फिरते ठेवावेत.

पैशाबद्दल डार्विनपेक्षा सिडनीचा धडा मोठा आहे. १९९५ पासून ‘डेडलीज’ नावाचे मूलनिवासी पुरस्कार दिले जात होते. ‘डेडली’ म्हणजे तिथल्या मूलनिवासी इंग्रजीत ‘लई भारी’. पुढे हा सोहळा थेट सिडनी ऑपेरा हाऊसमध्ये होऊ लागला. २०१४ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने निधी काढून घेतला आणि सोहळा बंद पडला. २०१३ चा शेवटचा ठरला. संगीतकार तेवढेच होते, प्रेक्षकही होते, आधार मात्र एकच होता. आपल्या विभागीय पुरस्कारांचे तर अनेकदा याहून वाईट होते: जाहीर होतात, वर्षानुवर्षे दिले जात नाहीत, आणि मग तीन वर्षांचे एकदम वाटतात. तोवर एखादा म्हातारा वादक गेलेला असतो. रक्कम दरवर्षी ठरलेल्या महिन्यात, प्रत्येक वादकाच्या स्वतःच्या खात्यात जावी, पथकप्रमुखाच्या नव्हे. प्रवासाचे पैसे निघण्यापूर्वी रोख द्यावेत. फेराचे पथक वीस माणसांचे असते. पाच जणांची तिकिटे काढून ‘बाकीच्यांनी आपापले यावे’ म्हणू नये.

भाषेचा मुद्दा शेवटी घेतला, पण तो लहान नाही. ऑस्ट्रेलियातल्या २०२० च्या राष्ट्रीय भाषा अहवालाप्रमाणे १२३ मूलनिवासी भाषा वापरात किंवा पुनरुज्जीवनाच्या वाटेवर होत्या, आणि त्यांतल्या जेमतेम १२ तुलनेने सशक्त होत्या. अशा देशात मूलनिवासी भाषेतल्या गाण्याला स्वतंत्र पुरस्कार आहे. आपल्या देशात २०११ च्या जनगणनेत भिली बोलणारे १ कोटी ४ लाख आणि गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख होते. या दोन्ही भाषा अजून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाहीत. आपल्याकडच्या परीक्षक मंडळात या भाषा कळणारे किती असतात? शब्द कळत नसतील तर परीक्षक पोशाख पाहतो, ठेका ऐकतो आणि गुण देतो. प्रत्येक प्रवेशिकेसोबत गाण्याचे शब्द देवनागरीत आणि त्यांचा साधा मराठी अर्थ असावा, आणि त्या भाषेचा एक जाणकार मतदानाच्या अधिकारासह मंडळात असावा. निव्वळ दुभाषा म्हणून नको.

संपादक महोदय, शासनाकडे मागण्या करायला वेळ लागेल. आपल्याकडे मात्र एक मागणी आहे आणि ती पुढच्या ९ ऑगस्टलाच पुरी होऊ शकते. आपल्या छायाचित्रकारांना आणि वार्ताहरांना सांगावे की, आदिवासी वादकाचे छायाचित्र घेतल्यावर चार गोष्टी वहीत लिहून घ्या: वादकाचे पूर्ण नाव, गाव आणि तालुका, वाद्याचे त्याच्या भाषेतले नाव, आणि वाजवलेली चाल कोणत्या प्रसंगाची. छापण्याआधी त्याला विचारा की हे छापलेले चालेल का. आणि ओळीत ‘आदिवासी बांधव’ असे न लिहिता त्याचे नाव लिहा.

कळावे,

आपले,
लोकवाद्यांच्या ध्वनिमुद्रणाचे काम करणारे काही वाचक, नाशिक